पीक कोणाचे गेले?

पावसाने ओढ दिली, पीक वाळले, की वर्तमानपत्रात मथळा येतो : 'शेतकरी हवालदिल'. सोबत ठरलेले छायाचित्र. भेगा पडलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला पुरुष. हे छायाचित्र खोटे नाही. त्या माणसाचे दुःखही खोटे नाही. पण त्या चौकटीत त्याच्या घरची बाई नसते, आणि ती का नसते हे आपण फारसे विचारत नाही. ती त्या वेळी टँकरच्या रांगेत असते, शेळीसाठी पाला तोडत असते, कोणाच्या रानात रोजाने काम मिळते का याची चौकशी करत असते. डोक्याला हात लावून बसायला तिला सवड नसते.

ही गोष्ट छायाचित्रापुरती असती तर तिच्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. पीक बुडाल्याचा जो सरकारी हिशेब होतो, म्हणजे अनुदान, विमा, कर्जमाफी, वारसाला मदत, तो सगळा सातबाऱ्यावरच्या नावावरून होतो. आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव बहुधा नसते. म्हणून दुष्काळ निभावून नेण्याचे काम तिचे आणि दुष्काळाची भरपाई दुसऱ्याच्या नावावर, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालू आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, कागदाने केलेली आहे. आणि कागद बदलता येतो.

पीक जाते म्हणजे काय होते

२०२३ सालचे उदाहरण घेऊ. त्या वर्षीच्या ऑगस्टात देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस पडला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यात होते. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना या पिकाला ओल लागते. ओल नसली की फूल गळते, शेंग लागलीच तर चपटी राहते, दाणा बारीक पडतो. शेत लांबून बरे दिसते आणि मळणीच्या दिवशी खरे काय ते कळते. तोवर बियाणे, खत, फवारणी, कापणीची मजुरी हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. मळणीयंत्राचे भाडे द्यायचे असतेच. बारीक दाण्याला अडतीवर भाव पाडून मिळतो. आणि जमिनीत ओल राहिली नाही म्हणून रब्बीची ज्वारी नीट उगवत नाही. म्हणजे घरात भाकरी नाही आणि जनावराला कडबा नाही. एका महिन्याच्या उघडिपीने दोन हंगाम जातात ते असे.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना, बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतले तालुके त्यात होते. मराठवाड्याला हे नवे नाही. २०१२ झाले, २०१५ झाले, २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, २०१८ झाले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच भागात अतिवृष्टीने उभे पीक आणि माती दोन्ही वाहून गेले. ओला असो की कोरडा, हिशेबाची पद्धत तीच राहते.

यात बाईचे काय काय जाते ते बघा. मजुरी जाते, कारण खुरपायला तण नाही आणि काढायला पीक नाही. तसेही तणनाशके आल्यापासून खुरपणीचे दिवस घटलेच होते. घरचे धान्य जाते. ज्वारी-बाजरीच्या रानात पूर्वी तूर, मूग, तीळ, अंबाडी असे काही ना काही मिसळून पेरलेले असायचे. मुख्य पीक बुडाले तरी डाळीपुरते, कोरड्यासापुरते काहीतरी हाती यायचे. त्याचे बियाणे राखणे, राखेत घालून मडक्यात भरून ठेवणे हे बाईचे काम होते, आणि कुठल्या पट्टीत काय टाकायचे यात तिचा शब्द चालायचा. सोयाबीन हे विकायचे पीक आहे. बियाणे दुकानातून येते, माल अडतीवर जातो, पट्टी पुरुषाच्या हातात मिळते. पीक चांगले आले तरी पैसा तिच्या हातात नसतो, आणि बुडाले तर घर चालवायची जबाबदारी मात्र तिच्याकडे येते.

तूट भरून कोण काढते

शेतीतली तूट कुठेतरी भरून निघावीच लागते. सरकारी मदत केव्हा येते आणि किती येते? केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत, ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे एकरी सुमारे ३,४०० रुपये. पेरणीचा खर्चही त्यातून निघत नाही. उरलेली तूट घरातून भरली जाते, आणि घरातून म्हणजे बाईच्या ताटातून, तिच्या अंगावरून, तिच्या शेळ्यांतून आणि तिच्या लेकीच्या शाळेतून.

आधी दूध बंद होते, मग डाळ पातळ होते, मग बाई शेवटी जेवते तेव्हा कोरड्यास उरलेले नसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच्या आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. दुष्काळ हे त्याचे एकमेव कारण नाही. पण ज्या घरात चांगल्या वर्षीही बाई शेवटी जेवते, त्या घरात वाईट वर्षी काय होत असेल हे सांगायला पाहणी लागत नाही.

मग शेळी विकली जाते. शेळी तिची असते, पण ती विकताना कुणी तिला विचारत नाही. मग डोरले गहाण पडते. मग कोयता. बीड, जालन्याची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि उचल घेतो नवरा. बाई पहाटे स्वयंपाक करून फडात जाते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या वाहते, पण हिशेबात ती अर्धा कोयता, आणि तोही स्वतंत्र नव्हे. खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून पाळीत, बाळंतपणात, दुखण्यात तिला थांबता येत नाही. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची माहिती पुढे आणली. ८२ हजारांहून अधिक बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या वेळी पुष्कळ गहजब झाला. पण त्या बाया फडावर का जातात, याचे मूळ आपल्याच कोरडवाहू रानात आहे हे त्या गहजबात मागे पडले.

आणि लेकी? आई-बाप फडावर जाणार, तर वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, असे म्हणून लग्ने उरकली जातात. त्याच आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या मुलींपैकी ४३.७ टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. राज्याची सरासरी २१.९ आहे. पीक बुडाल्याच्या कुठल्याही तक्त्यात या लग्नांचा रकाना नाही.

कर्ज तिचे, माफी त्याची

दुष्काळ आणि कर्ज हा विषय निघाला की चर्चा होते ती सोसायटीच्या आणि बँकेच्या पीककर्जाची. ते सवलतीच्या व्याजाचे असते, ते जमिनीवर मिळते, म्हणून ते पुरुषाच्या नावावर असते. ते थकले की पुढच्या हंगामाला दार बंद. मग घरात पैसा येतो तो बाईच्या नावावर : बचत गटातून, आणि त्याहून जास्त मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून. या कंपन्या बायांनाच कर्ज देतात, कारण बाया बुडवत नाहीत. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर असते, हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा असतो आणि एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या तिच्या दारात. पावसाने महिनाभर दडी मारली म्हणून हप्ता महिनाभर थांबत नाही. असे कर्ज काढून दुबार पेरणीचे बियाणे आणले जाते, म्हणजे कर्ज शेतीचेच असते. पण कागदावर ते शेतीचे नसते.

राज्यात २०१७ साली दीड लाखापर्यंतची कर्जमाफी झाली. २०१९ साली दोन लाखांपर्यंतची झाली. दोन्ही योजना छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा फुले यांच्या नावाने निघाल्या. दोन्हींत सहकारी सोसायट्यांचे आणि बँकांचे पीककर्ज धरले. बाईने पेरणीसाठी काढलेले मायक्रोफायनान्सचे कर्ज दोन्हींत नव्हते. एकाच घरातल्या, एकाच रानासाठी काढलेल्या दोन कर्जांपैकी स्वस्त कर्ज माफ झाले आणि महाग कर्ज बाईने फेडले. हा अन्याय आहे असे म्हणणारा मोर्चा अजून निघायचा आहे. शेतकऱ्यांच्या मोर्चांत आपण बाया मोठ्या संख्येने चालतो. मागण्यांच्या निवेदनात मात्र हे कलम नसते.

कागदावरची शेतकरी

ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाया शेतीत आहेत. आणि देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत बाईच्या नावावरची वहितीची खाती किती? १३.९६ टक्के. क्षेत्र धरले तर आणखी कमी, ११.७२ टक्के. एका बाजूला घाम आणि दुसऱ्या बाजूला कागद, यांच्यातली ही दरी आहे.

ही दरी दरवर्षी नव्या योजनेबरोबर पुन्हा खणली जाते. पंतप्रधान किसान सन्मानचे वर्षाचे ६,००० रुपये जमीनधारकाच्या खात्यात जातात. राज्याने २०२३ पासून त्यात तेवढ्याच रकमेची नमो योजना जोडली, तीही त्याच यादीवर. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवर करायची, ई-पीक पाहणी. घरात मोबाईल एक, तो पुरुषाकडे. तो पुण्याला कंपनीत कामाला गेलेला असला तर नोंद राहून जाते, आणि नोंद नाही तर पीक पेरलेच नव्हते असा त्याचा अर्थ. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. म्हणजे पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात जी बाई नव्हती, ती आता संगणकातही नाही. पूर्वी तलाठी ओळखीचा तरी असायचा, त्याला समक्ष गाठून दोन शब्द सुनावता यायचे. संगणकाला काय सुनावणार?

उलट २०२४ साली लाडकी बहीण योजना आली आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले. हे पैसे बायांना हवे आहेत, त्यांनी ते घ्यावेत, त्यावर नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमणार नाही. पण त्यात एक गोष्ट बघा. जिच्या नावावर जमीन आहे आणि म्हणून जिला शेतकरी सन्मानाचे महिन्याला १,००० रुपये पडतात, तिला या योजनेतून ५०० च मिळतात. बहीण म्हणून दिलेले शेतकरी म्हणून कापून घेतले. सरकारला बाई बहीण म्हणून चालते; हक्काने मागणारी शेतकरी म्हणून तिला कुठे बसवावे हे अजून समजलेले नाही.

आणि तिचा नवरा गेला तर? २००५ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये ठरले : ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. तेही पात्र ठरले तर. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणाचे होते, हे सगळे पुन्हा कागदच ठरवतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा ५०५ बायांशी बोलून पाहणी केली. ज्या जमिनीत त्या राबत होत्या ती ४० टक्के जणींच्या नावावर तोवर झालेली नव्हती. नवऱ्याच्या मागे रान तिने कसायचे, मुले तिने वाढवायची, आणि सातबाऱ्यावर सासऱ्याचे वा दिराचे नाव. अशा बाईला पुढच्या दुष्काळाची मदत मिळत नाही, पीककर्ज मिळत नाही, विमाही तिच्या नावावर होत नाही.

शेतात राबणारी बाई स्वतः जीव देते तेव्हा काय होते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात 'गृहिणी' असा एक रकाना आहे. तिची मोजणी बहुधा तिथे होते. मरणानंतरही ती शेतकरी होत नाही.

१९७२ ने काय शिकवले

कुणी म्हणेल, सरकारी कामाला काहीतरी पुरावा लागणारच, सातबारा नाही तर दुसरे काय धरायचे? याचे उत्तर महाराष्ट्रानेच एकदा दिलेले आहे.

१९७२ च्या दुष्काळात हजारो बाया खडी फोडायला, मातीच्या कामावर गेल्या. मिलो आणि सुकडीच्या आठवणी आपल्या आया-सासवांनी सांगितलेल्या आहेत. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या कायद्यातली मोठी गोष्ट अशी, की कामाचा हक्क ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला होता. कामावर येणाऱ्या बाईला कुणी सातबारा मागितला नाही. तुझा नवरा कोण, जमीन किती, तू परित्यक्ता का, हे विचारायचे कारण नव्हते. जी हजर, तिचे नाव हजेरीपटावर. परित्यक्ता बायांना, विधवांना, भूमिहीन दलित बायांना दुष्काळात स्वतःच्या नावाने पैसा मिळाला तो या हजेरीपटामुळे. कामे कमी पडली, मापे खोटी निघाली, मजुरी रखडली, पाळणाघरे कागदावर राहिली, यासाठी आपल्या संघटनांनी धरणी धरली हे खरेच. पण तत्त्व बरोबर होते : हक्क मालकीचा नव्हे, राबणाऱ्या हाताचा.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने हमी कुटुंबाला दिली, वर्षाला १०० दिवस. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याजागी नवा कायदा केला, दिवस १२५ झाले, पण हमी कुटुंबाचीच राहिली. म्हणजे बाईचा स्वतंत्र हक्क जो महाराष्ट्राने १९७० च्या दशकात मान्य केला होता, तो पुन्हा कुटुंबात विरघळला.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातले. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभारले तेव्हा मुक्ती संघर्ष चळवळीने पाणीवाटपाचे जे सूत्र मांडले ते जमिनीच्या मापाचे नव्हते, माणसांच्या मापाचे होते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. हे त्या काळात अनेकांना वेडेपणा वाटले. पण मालकीशिवाय हक्क असू शकतो हे त्यातून दिसले.

'घरातच येतात ना पैसे?'

आपल्या बैठकांतही काही आक्षेप येतात. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप : मदत नवऱ्याच्या खात्यात आली काय आणि बायकोच्या आली काय, येते घरातच. मग भांडण कशाला? याला उत्तर असे, की घर ही एक थैली नाही. कोणत्या हातात पैसा पडला यावर तो किराण्याला जातो, सावकाराला जातो की दारूच्या दुकानात, हे ठरते. सगळे पुरुष पैसा उडवतात असे मी म्हणत नाही. पण ज्या बाईला आपल्या घरच्या अनुदानाची रक्कम किती आली हे शेजारणीकडून कळते, तिला 'घरातच येते' हे वाक्य ऐकवू नये. आणि जिला घरच नाही, जिला टाकून दिलेले आहे, जी माहेरच्या पडवीत राहून भावाचे रान कसते, तिच्या घरात काय येते?

दुसरा आक्षेप शेतकरी चळवळीतल्या भावांचा आणि काही बहिणींचाही : आधी मालाला भाव मिळू द्या, शेताला पाणी मिळू द्या, बाईच्या नावाचे नंतर बघू. सोयाबीनला २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला. तो पदरात पडावा म्हणून लढलेच पाहिजे, आणि त्या लढाईत आपण आहोत. पण 'नंतर' हा शब्द आपण फार वर्षे ऐकतो आहोत. शिवाय भाव वाढला तरी पट्टी ज्याच्या नावाची, पैसा त्याचाच. दोन्ही मागण्या एका निवेदनात बसतात, त्यासाठी कागद वाढवावा लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो, आणि तो बायांचाच आहे. त्या म्हणतात : नाव लागले तर कर्जही आमच्या मानगुटीवर बसेल. आज बँकेचा माणूस नवऱ्याला शोधतो, उद्या आम्हाला शोधेल. शिवाय नाव लावून घ्यायचे म्हणजे घरात भांडण, माहेरी मागायचे म्हणजे भावाचे दार बंद. ही भीती पोकळ नाही. सामाईक खात्यावर कर्ज काढताना बाईची सही किंवा अंगठा घेतला जातो आणि ती कशावर सही करते हे तिला सांगितले जात नाही, असे घडते. म्हणून नुसते नाव लावून आपले काम संपत नाही. नावाबरोबर पीककर्ज, विमा, अनुदान हेही तिच्या हाती आले पाहिजे आणि ते वापरण्याची माहितीही. जबाबदारी आजही तिच्यावर आहेच. फरक एवढाच, की आज ती हक्कावाचून आहे.

मग करायचे काय

कायदा अगदीच आपल्या विरोधात नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे प्रचंड अधिवेशन झाले. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, एखाद्या गावात शंभर घरांनी बायकोच्या नावे जमीन केली की त्या गावाला लक्ष्मीमुक्ती गाव म्हणायचे. १९९२ साली राज्य सरकारनेही नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा निर्णय काढला. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती केली. २००५ साली ती देशभर झाली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली बाप जिवंत असण्याची अट नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे, कसणारे, खंडाने करणारे, मजूर हे सगळे शेतकरी, अशी व्याख्या आहे. डॉ. स्वामीनाथन यांनी २०१२ साली महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खाजगी विधेयक राज्यसभेत मांडले. ते मंजूर न होता बारगळले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले. भाषणे होतील, शाली दिल्या जातील. आपण त्या वर्षाच्या निमित्ताने काही ठोस मागू या.

पहिले, आपल्या प्रत्येक गटाने आपल्या गावाचा हिशेब मांडावा. गटातल्या किती जणी शेतात राबतात, किती जणींचे नाव सातबाऱ्यावर आहे, आणि ते कुठे आहे : भोगवटादाराच्या रकान्यात की 'इतर अधिकारां'त? पुष्कळ बायांना वाटते आपले नाव लागले आहे, आणि ते असते इतर अधिकारांत. मदत मिळते ती भोगवटादाराला. सातबारा आता संगणकावर निघतो, तो काढून बैठकीत मोठ्याने वाचावा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले तरी अर्ज घेऊन पोच देणे त्याचे काम आहे. पोच घेतल्याशिवाय उठू नये.

दुसरे, राखीपौर्णिमेच्या आसपास आणि बापाच्या तेराव्यानंतर हक्कसोड पत्रावर ज्या सह्या घेतल्या जातात, त्याबद्दल गावोगाव बोलावे. सही करणे न करणे हा त्या बहिणीचा निर्णय. पण कागद वाचल्याशिवाय आणि दोन महिने विचार केल्याशिवाय सही करायची नाही, एवढे तरी ठरवता येईल.

तिसरे, दुष्काळाच्या मदतीत कसणाऱ्या बाईची नोंद सरकारने धरावी. ग्रामसभा ठराव करून कोणत्या बाया कोणते रान कसतात याची यादी देऊ शकते. गावात हे सगळ्यांना माहीत असते. विधवा, परित्यक्ता, खंडाने वा बटाईने करणाऱ्या बाया यांच्या बाबतीत ही यादी अनुदानाला, विम्याला आणि शेतकरी ओळख क्रमांकाला पुरावा मानावी.

चौथे, दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत बायांच्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांना स्थगिती मिळावी आणि पुढच्या कर्जमुक्तीत शेतीसाठी काढलेले हे कर्ज धरावे.

पाचवे, रानातला एक तुकडा तरी अन्नधान्याचा असावा आणि त्यात काय पेरायचे ते बाईने ठरवावे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर या भागात काम उभे केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर, धाराशिवकडे अर्धा-एक एकर बायांच्या हाती मिळवून ज्वारी, डाळी, भाजीपाला असे मिश्र पीक घेण्याचे काम केले आहे. घरच्यांकडून एकरभर रान मागणे सोपे नसते, पण दुष्काळात घरात डाळ कोणत्या रानातून आली हे घरच्यांना दिसते. मग पुढचे बोलणे सोपे जाते.

पाऊस आपल्या हाती नाही. नाव लावल्याने तो वेळेवर पडणार नाही, हे बायांना कुणी सांगायची गरज नाही. पण पुढच्या वेळी पाहणीला माणसे बांधावर येतील तेव्हा 'मालकाला बोलवा' असे म्हणतील. त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या बाईला 'मालक इथेच आहे, लिहून घ्या' असे म्हणता आले पाहिजे, आणि ते तिच्या हातातल्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे. खरीप सुरू व्हायच्या आत आपापल्या गटाची यादी तयार करा, मैत्रिणींनो. पीक बुडाल्यावर नाव लावायला वेळ नसतो.